वास कसा आहे, ते सांगा

ते बसत नसत.

मीटिंगमध्ये बाकीचे टेबलाभोवती आणि ते दाराशी. हात मागे बांधलेले, पाठ भिंतीपासून वीतभर दूर, नजर छतावरच्या स्प्रिंकलरवर. जेवणाचा डबा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून उभ्यानेच संपवायचे. एखाद्या नव्या माणसाने अदबीने खुर्ची पुढे केली की सांगायचे, "बसलेल्या माणसाला आधी उठावं लागतं आणि मग पळावं लागतं. मी एक काम वाचवतो."

कतारमध्ये मी ज्या कंपनीत होतो तिथे ते सेफ्टीचे प्रमुख होते. कंपनीचं काम गॅस प्रकल्पांच्या देखभालीचं. ते मूळचे नाशिकचे. नोकरीची बरीच वर्षं बाहेरच्या देशांत गेलेली, त्यातली काही त्रिनिदादमध्ये. मी त्याआधी महाराष्ट्रात एका दैनिकाच्या डेस्कवर होतो. इथे माझ्याकडे त्यांच्या विभागाचे अपघात-अहवाल वाचण्याजोगे करण्याचं काम होतं, म्हणून ते मला 'पेपरवाले' म्हणायचे. अहवालात 'मोठा आवाज झाला' असं वाक्य दिसलं की कागद घेऊन माझ्या टेबलाशी उभे राहायचे.

"पेपरवाले, मोठा म्हणजे कसा?"

"साक्षीदार मोठा म्हणाला."

"दार आपटल्यासारखा की टायर फुटल्यासारखा? परत विचारा त्याला. मोठा ही माहिती नाही."

अमुक ही माहिती नाही, हे त्यांचं पालुपद होतं. 'लगेच' ही माहिती नव्हती, 'बहुतेक' ही नव्हती, 'इन्शाल्ला' तर नव्हतीच. शिपाई चहा आणताना "गरम आहे साहेब" म्हणाला तरी ते विचारायचे, "किती?"

अल मन्सूरातल्या एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ते एकटे राहायचे. पत्नी नाशिकला सासूबाईंपाशी, मुलगी लग्न होऊन कॅनडात. त्यांच्या हुद्द्याच्या माणसाने अल रय्यानकडे व्हिला घ्यायचा, अशी कंपनीत रीत होती. त्यांना विचारलं तर म्हणायचे, "व्हिलात शेजारी लांब असतात." शेजारी जवळ कशाला हवेत, हे कोणी विचारलं नाही. एकट्या माणसाला सोबत लागते, असं आम्ही धरून चाललो.

घरात गॅस नव्हता, विजेची शेगडी होती. बाहेर पडताना ते घराचा मेन स्विच बंद करायचे. मग खाली पार्किंगपर्यंत यायचे, थांबायचे, परत तीन मजले चढून जायचे आणि "बंद आहे" म्हणत उतरायचे. एकदा मी त्यांना विमानतळावर सोडायला निघालो होतो. मेट्रो स्टेशन ओलांडलं तसे म्हणाले, "गाडी वळवा."

"मेन तुम्ही माझ्यासमोर बंद केलात."

"बंद केला, ते तुम्ही पाहिलंत. बंद आहे का, ते कोणी पाहिलंय?"

गाडी वळवली. मेन बंद होता. विमान मिळालं, पण त्या धावपळीत त्यांना उलट तरतरी आल्यासारखी दिसली.

त्यांची आणखी एक सवय होती, आणि आमच्या ऑफिसात ते त्या सवयीनेच ओळखले जायचे. लिफ्टचं दार उघडलं, कँटीनमध्ये शिरलो, कोणाच्या गाडीत बसलो, की त्यांचा पहिला प्रश्न: "कसला वास येतोय?" आम्ही नाक वर करून हुंगायचो. कोणी म्हणायचं, फिनेल. कोणी म्हणायचं, मच्छी तळतायत. ते मान हलवायचे, जणू त्यांना आधीच कळलेलं होतं आणि आमची परीक्षा चालली होती. साहेबांचं नाक फार तिखट आहे, अशी ख्याती पसरली. एका इमारतीत पॅनेलमधली वायर जळत होती ती त्यांच्या प्रश्नामुळेच सापडली होती, त्यामुळे त्या ख्यातीला पुरावाही होता.

त्याच नाकवाल्या माणसाचं इंडस्ट्रियल एरियातल्या कामगारांपुढचं भाषण मात्र नाकाच्या विरोधात असायचं. सकाळी कंपनीच्या बस लागायच्या, त्या साइटवर सुटण्याआधी ते कामगारांना हिंदीत समजावायचे. गॅसच्या विहिरीतून वर येणाऱ्या वायूत एक विषारी वायू मिसळलेला असतो. त्याचा वास सडक्या अंड्यासारखा. थोडा असेल तर वास येतो. जास्त झाला की तो आधी नाक बधिर करतो, वास थांबतो, आणि माणसाला वाटतं की धोका गेला. "नाक गद्दार है, भाई लोग," ते ओरडायचे. "मीटर देखो. बाजूवाले को पूछो. नाक को मत पूछो." 'बाजूवाले को पूछो' वर ते बसच्या पत्र्यावर मूठ आपटायचे. हे वाक्य कंपनीच्या पुस्तिकेत नव्हतं. मी पुस्तिका तपासली होती.

डिसेंबर आला की त्यांच्या येरझाऱ्या वाढायच्या.

त्रिनिदादमध्ये नाताळाच्या दिवसांत घरोघरी एक पेय करतात, पाँच द क्रेम. अंडी लिंबाच्या सालीबरोबर फेटायची, म्हणजे अंड्याचा हिवस वास जातो. त्यात डब्यातलं आटीव दूध, डब्यातलंच गोड दूध, वरून रम आणि किसलेलं जायफळ. साईसारखं दाट होतं, थंड करून छोट्या ग्लासातून देतात. त्यांना ते तिथल्या घरमालकिणीने शिकवलेलं. ती बाई सांगायची म्हणे, की पाहुण्याला आवडलं का, असं विचारायचं नसतं. शेजारणीच्या आणि आमच्यात काय वेगळं लागलं, ते विचारायचं. आवडलं असं सगळेच म्हणतात.

दोह्यात हे करायचं म्हणजे आधी रम. ज्यांना परवाना आहे त्यांनी परवान्याच्या दुकानातून आणायची, गाडीच्या डिकीत ठेवायची, थेट घरी न्यायची, वाटेत कुठे थांबायचं नाही. हे सगळे नियम ते इतक्या काटेकोरपणे पाळायचे की बाटलीला डिकीत पट्टा बांधलेला असायचा. डिसेंबरातल्या एका शुक्रवारी दुपारी आम्हा सहा-सात जणांना बोलावणं असे. दारात पाऊल टाकलं की गाडीची चावी द्यायची. चाव्या प्रेशर कुकरमध्ये जायच्या, झाकण लागायचं आणि कुकर मुकादमांच्या मांडीवर.

मुकादम हे आडनाव; ते खरेदी विभागात होते. दापोलीचे; आवाज असा की खाडीच्या पलीकडच्या माणसाशी बोलतायत. जुम्म्याची नमाज आटोपून, टोपी खिशात घालून यायचे. ते पिणारे नव्हते, म्हणूनच त्यांना बोलावणं असायचं. संध्याकाळी कंपनीच्या व्हॅनमधून सगळ्यांना घरोघर पोचवायचं काम त्यांचं. पेयाला ते 'साहेबांची बासुंदी' म्हणायचे आणि स्वतःपुढे लबानची, म्हणजे इथल्या ताकाची, बाटली ठेवून चिवड्याचा फडशा पाडायचे.

"साहेब, रम नाही घातली तर काय बिघडतं हो तुमच्या बासुंदीचं? आम्ही पण चाखली असती."

"रम नसेल तर ती खीर झाली. खीर नाशिकला मिळते."

"मग आम्ही काय फक्त टॅक्सीवाले?"

"तुम्ही एकटे शुद्धीवर असलेले. हुद्दा मोठा आहे, मुकादम."

पहिला ग्लास ओतला की ते प्रत्येकासमोर जाऊन उभे राहायचे. "वास कसा आहे, ते सांगा."

"छान."

"छान ही माहिती नाही. कसा?"

"मस्त, साहेब. एकदम फॉरेन."

"फॉरेन कुठलं?"

हशा व्हायचा. ते हसायचे नाहीत. माझ्यापाशी जास्त वेळ थांबायचे. "पेपरवाले, तुमच्याकडे शब्द असतात. बोला." मी काही विशेषणं काढून द्यायचो. ते ऐकायचे, खिडकीपाशी जायचे, परत यायचे. "ऊबदार म्हणालात. ऊबदार वास कसा असतो? ऊब हाताला लागते." सगळे निघेपर्यंत त्यांच्या फेऱ्या चालू असायच्या आणि दारात निरोप घेताना ते काहीतरी हरवल्यासारखे दिसायचे. यजमान म्हणून त्यांचं काही चुकत नव्हतं. पाहुणे खूश होते. त्यांना काय हवं होतं, ते कोणाला कळत नव्हतं.

ते कळलं ज्या वर्षी पेय नासलं त्या वर्षी.

आदल्या खेपेला एकदोघांनी रम जास्त झाल्याची तक्रार केली होती, म्हणून त्यांनी हात आखडता घेतला. बाटल्या भरून फ्रीजमध्ये ठेवल्या. मग साइटवर काही बिघाड झाला आणि त्यांना दोन-तीन दिवस तिकडेच मुक्कामाला जावं लागलं. निघताना त्यांनी घराचा मेन बंद केला. पार्किंगमधून परत वर जाऊन तो बंद असल्याची खात्रीही केली. परत आल्यावर मेन चालू केला. शुक्रवारपर्यंत बाटल्या पुन्हा थंडगार झाल्या. ओतताना गुठळ्या दिसल्या त्या अंड्याच्या समजून त्यांनी पेय फडक्यातून गाळून घेतलं.

जग टेबलावर आला तेव्हाच खोलीत वास पसरला होता. जायफळ भरपूर होतं, पण त्याच्या खालून तो येत होता. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मग जे अशा वेळी आमच्यासारखी माणसं करतात तेच झालं. पाइपिंगच्या जोशींनी ग्लास उचलून ओठांना लावला आणि म्हणाले, "वा." त्यांच्या शेजारच्याने एक घोट घेतला. "या वर्षी जायफळ जास्त उतरलंय," कोणीतरी म्हणालं. "छान."

ते जोशींसमोर उभे होते. "छान कसं? सांगा."

मुकादम कुकर बाजूला ठेवून ग्लास पुढे द्यायला उठले होते. ग्लास हातात घेतला आणि थांबले.

"साहेब, हे देऊ नका कोणाला."

"का?"

"वास येतोय."

"कसला?"

मुकादमांनी खोलीभर नजर फिरवली. कोणी त्यांच्याकडे बघत नव्हतं. "तुम्हाला येत नाही?"

"मी तुम्हाला विचारतोय. कसला?"

"रोज सकाळी बसपाशी उभे राहून सांगता ना कामगारांना? तो. सडक्या अंड्याचा."

साहेबांनी जग उचलला, नाकाशी धरला आणि खोल श्वास घेतला. पुन्हा एकदा घेतला. आम्ही सगळे बघत होतो, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीही उमटलं नाही. नाक मुरडलं गेलं नाही, मान मागे गेली नाही. साध्या पाण्याचा वास घेतल्यासारखा माणूस उभा होता. तिखट नाकाची ख्याती तिथे संपली.

जग खाली ठेवून त्यांनी विचारलं, "किती जण प्यायलेत?"

जोशींनी ग्लास टेबलावर ठेवला. "मी थोडं."

"वास आला होता?"

"आला होता, पण..."

"पण काय?"

"तुम्ही इतक्या हौसेने करता, साहेब."

"मला छान म्हणालात."

साहेबांनी ग्लास गोळा केले, सगळं मोरीत ओतलं, भरपूर पाणी सोडलं, पिणाऱ्यांना क्षारपाण्याची पाकिटं दिली. घाई होती, पण गडबड नव्हती. हे काम त्यांना येत होतं. मुकादमांनी एकेकाला घरी पोचवलं. जोशींचं पोट शनिवारभर बिघडलं, त्यापलीकडे काही झालं नाही.

मला त्यांनी थांबवून घेतलं होतं. मुकादम व्हॅन लावून परत आले तेव्हा साहेब सिंकपाशी जग घासत होते. आमच्याकडे पाठ होती.

"तपासणी झाली," ते म्हणाले. "तात्कालिक कारण, मेन स्विच. मूळ कारण, सेफ्टीप्रमुख."

"नाक कधीपासून नाही, साहेब?" मुकादमांनी सरळ विचारलं.

"त्रिनिदादपासून."

"प्लांटवर काही झालं?"

"प्लांटवर झालं असतं तर सांगितलं नसतं का?" जग पुन्हा साबणात गेला. "दिवाळी होती. आकाशकंदील लावत होतो. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर उभा राहून. एक पाय लंगडा होता स्टुलाचा, मला माहीत होतं. डोक्यावर पडलो. जखम भरली, वास गेला तो गेलाच."

मुकादम हसू दाबत होते. मग त्यांना ते आवरलं नाही. "सेफ्टीवाला स्टुलावरून?"

"म्हणूनच कोणाला सांगितलं नाही," ते म्हणाले आणि पहिल्यांदाच थोडे हसले.

"आणि कंपनीला?"

"मेडिकलला डोळे बघतात, कान बघतात, छाती बघतात. नाक आहे का, हे कोणी विचारत नाही. मी मीटर बघतो, मुकादम. नाकवाले बघत नाहीत."

मग त्यांनी उरलेलं सांगितलं, जग घासतच. पडण्याच्या आदल्या वर्षी, त्रिनिदादच्या पहिल्या नाताळात, घरमालकिणीने ग्लास दिला होता तेव्हा त्याचा वास त्यांना आला होता. पडल्यानंतरच्या नाताळात तिने तोच ग्लास, तेच पेय दिलं, तर जिभेला फक्त गोड लागलं आणि घशात रमची जळजळ. मधलं सगळं गेलं होतं. "बाकी कशाचा वास कसा होता, ते आठवतं. ओल्या मातीचा आठवतो. आईच्या लुगड्याचा आठवतो. हा एकच पुसत चाललाय. एकदाच घेतला होता ना. दर वर्षी करतो, म्हटलं कोणीतरी नीट सांगेल आणि धागा लागेल." त्यांनी नळ बंद केला. "तुम्ही लोक छान म्हणता."

रमवाचून ते खीर का म्हणायचे, हे मला तेव्हा कळलं. त्या ग्लासात गोडाशिवाय त्यांच्या वाट्याला आलेली घशातली जळजळ, एवढीच एक गोष्ट होती.

मुकादमांनी आवाज खाली आणला. त्यांच्या बाबतीत ही नोंद घेण्याजोगी गोष्ट होती. मग म्हणाले, "मी सांगितलं असतं, साहेब. पण मी ते तोंडाला लावणार नाही, आणि वास घ्यायला नाकाशी धरणार नाही. आज धरला तो द्यायला उचलला म्हणून."

"माहीत आहे."

"खलास मग." कुकर उघडून त्यांनी माझी चावी मला दिली.

त्यानंतरचं वर्ष साहेबांनी नेहमीसारखंच उभ्याने काढलं. लिफ्टमध्ये "कसला वास येतोय?" विचारायचे, फक्त आता मुकादम सोबत असले की ते न विचारता सांगायचे: "पेंट. चौथ्या मजल्यावर रंगकाम चाललंय. यल्ला, चला."

डिसेंबरात बोलावणं आलं ते दोघांनाच. मी पोचलो तर दारात चाव्या मागितल्या नाहीत. कुकरमध्ये भात होता. मुकादम आले, टोपी खिशात घातली आणि सवयीने लबान शोधू लागले. टेबलावर नवा जग होता, स्टीलचा, त्यावर दुकानाचं लेबल चिकटलेलं तसंच. बाजूला तीन नवे ग्लास.

"यात रम नाही," ते म्हणाले. "कडू अर्काचे थेंब घालतात, त्यातही दारू असते, ते नाहीत. भांडी या घरात आधी वापरलेली नाहीत. फडकं नवीन. अंडी कच्ची नाहीत, थर्मामीटर लावून दुधात शिजवलीत. मेन आठवडाभर बंद केलेला नाही."

मुकादमांनी जगाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "म्हणजे खीर केलीत."

"खीर केली."

"आणि तुम्हाला काय लागणार त्यात?"

"साखर." त्यांनी तिन्ही ग्लास भरले. "प्या. आणि छान म्हणायचं नाही."

मुकादमांनी बिस्मिल्ला म्हणून घोट घेतला. बराच वेळ तोंडात ठेवला. साहेब समोर उभे होते, हात मागे बांधलेले.

"आधी लिंबू येतं," मुकादम म्हणाले. "आंबट नाही. साल सोलताना बोटाला जे लागतं ते. आणि साल थोडी कमी पडलीय, अंडं मागून डोकावतंय."

"किती?"

"आम्लेट करून तासाभराने किचनमध्ये गेल्यासारखं."

"पुढे."

"दूध. पण ताजं नाही. आमच्याकडे ईदला शिरखुर्मा होतो. पातेलं संपतं ना, बुडाला एक थर बसलेला असतो, किंचित लागलेला. अम्मी तो चमच्याने खरवडून द्यायची. त्याचा."

"करपलेला?"

"करपलेला नाही हो. करपायच्या आधी उतरवलेला. तुमच्या बाईने पण मंद आचेवर दूध ठेवलं असेल."

"ठेवायची," ते म्हणाले. मग काही सेकंदांनी, "लाकडी चमचा होता तिचा. खालून खरवडत राहायची."

त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. मुकादमांच्या लक्षात आलं नाही. त्यांचे डोळे मिटलेले होते, ते दुसऱ्या घोटावर होते.

"अजून," ते म्हणाले.

"अजून काय साहेब, दूध आहे ते!"

"अजून, मुकादम."

"थांबा, घाई करू नका. जायफळ." मुकादमांनी नाकाने श्वास ओढला. "लाकडाच्या कपाटात ठेवलेलं कापड असतं ना, बऱ्याच दिवसांनी उघडलेलं. ते. शेवटी येतं आणि राहतं."

साहेबांनी आपला ग्लास उचलला. मुकादम पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले, या वेळी सावकाश; लिंबाची साल म्हणाले तेव्हा यांनी एक घोट घेतला. मुकादम थांबले की ते थांबायचे. पातेल्याच्या बुडाचा थर म्हणाले तेव्हा दुसरा घेतला, आणि मुकादमांच्या तोंडाकडे बघत, पुढच्या शब्दाची वाट पाहत, ग्लास ओठांशी तसाच धरून राहिले.